काठाकाठाने सव्वीस किलोमीटर

शहराभोवती पाण्याच्या काठाकाठाने एक सबंध फेरी मारता येईल, हा शोध नानांना दाढी करताना लागला. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, आपण बेटावर राहतो."

काकूंनी गॅस बारीक केला. नवऱ्याचं कुठलं बोलणं गॅस बारीक करून ऐकायचं आणि कुठलं फोडणी चालू ठेवून, एवढा अंदाज तीस वर्षांच्या संसारात त्यांना आलेला होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "आधी तो साबण पुसा. कानात वाळतोय."

नाना अगदीच काही वावगं बोलत नव्हते. शहराच्या उत्तरेला नदी, पूर्वेला खाडी, दक्षिणेला तलाव आणि पश्चिमेला त्या तलावातून निघून नदीला मिळणारा कालवा. चारी बाजूंनी पाणी. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि दाढी करताना लखकन दिसणं वेगळं. शिवाय नाना साधेसुधे गृहस्थ नव्हते. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण खात्यात त्यांनी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली होती. शहरातला एकूण एक पाइप, चेंबर आणि झडप त्यांच्या हातून कागदावर उतरलेली. बाकीचे लोक शहर वरून ओळखतात, नाना खालून ओळखत. कुणी पत्ता विचारलाच तर "नऊ इंची लाइन बाराला मिळते ना, तिथून डावीकडे" असं सांगत, आणि विचारणारा त्यांचे आभार मानून समोरच्या दुकानात पुन्हा विचारायला जात असे.

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलं होतं. जवळच्या बागेत गोल रस्ता होता, त्याच्या चौदा फेऱ्या म्हणजे पाच किलोमीटर. पण नवव्या फेरीच्या सुमारास हमखास कुणीतरी "काय नाना, कसं काय" म्हणायचं आणि नानांचा आकडा चुकायचा. मग ती फेरी नववी की दहावी? दुसरा कुणी असता तर एक जास्तीची मारून मोकळा झाला असता. नाना पहिल्यापासून सुरुवात करत. अशाने एकदा त्यांनी बावीस फेऱ्या मारल्या आणि दोन दिवस जिना उतरताना कठड्याला धरून बाजूबाजूने उतरले. ज्या रस्त्यावर तेच बाक पुन्हा दिसत नाही असा रस्ता त्यांना हवा होता. तो त्यांना त्या सकाळी आरशात सापडला.

मग अकरा दिवस जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरलेला होता. चारी कोपऱ्यांवर चार बरण्या. काकू ओट्याशी उभ्या राहून जेवल्या, नाना खिडकीत बसून जेवले. बाराव्या दिवशी नकाशा पुरा झाला: पाणी निळं, वाट तांबडी, बसायला सावली असेल तिथे हिरवा ठिपका. एकूण लांबी सव्वीस किलोमीटर. नानांनी तो आरशासमोर धरून पाहिला, पाठीमागून उजेडात धरून पाहिला, आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली. त्यांनी तो जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर लावला.

नोटीस बोर्डावर लावलेली गोष्ट आपली राहत नाही. संध्याकाळपर्यंत सगळी इमारत तिच्यावर बोलत होती.

पहिले आले दुसऱ्या मजल्यावरचे मॅनेजर. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण हुद्दा त्यांनी बँकेला परत केला नव्हता. "कल्पना उत्तम आहे नाना," ते म्हणाले. "आता याला समिती हवी."

"समिती कशाला? मी एकटाच जाणार आहे."

"असं कसं? वाटेत तुम्हाला काही झालं तर इमारतीची जबाबदारी."

मग तळमजल्यावरचे औषधवाले आले. माणसाकडे पाहताना त्याला पुढेमागे काय होईल असा विचार करण्याची त्यांना धंद्याने सवय लावली होती. त्यांनी पट्ट्या, मलम, मुरगळीवरचा स्प्रे, मीठ-साखरेची पाकिटं अशी दोन पानांची यादी आणली आणि नानांच्या गुडघ्यांकडे बराच वेळ प्रेमाने पाहिलं. सगळ्यात शेवटी वरच्या मजल्यावरच्या भूमितीच्या बाई उतरल्या. त्यांनी पट्टी सोबतच आणली होती.

"सव्वीस नाही," बाई म्हणाल्या. "पंचवीस पूर्णांक सहा. तुम्ही वळणं बाहेरच्या कडेने मोजलीत."

"माणूस काठ सोडून चालतो बाई. आतल्या कडेने चालला तर पाण्यात पडेल."

"पाणी डाव्या हाताला ठेवणार असाल तर. उजव्या हाताला ठेवलं तर?"

या प्रश्नावर दोन बैठका झाल्या. पाणी डावीकडे ठेवायचं की उजवीकडे, हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण काठाकडचा रस्ता नेहमी थोडा उतरता असतो, म्हणून पाण्याकडचा गुडघा जास्त झिजतो असं औषधवाल्यांचं म्हणणं, आणि इमारतीत डावा गुडघा दुखणारे चौघे आणि उजवा दुखणारे पाच. मतदान झालं. पाणी डावीकडे गेलं. नकाशा काढणाऱ्या नानांना कुणी मत विचारलं नाही, कारण समितीच्या ठरावानुसार ते "मार्गदर्शक" होते आणि मार्गदर्शकाला मत नसतं. तीन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला. यादीत अठरा नावं लागली.

तिसऱ्या बैठकीत मॅनेजर म्हणाले, "आणि परवानग्या?"

"चालायला कसली परवानगी?" नाना म्हणाले.

"नाना, मी आयुष्यभर कागद पाहिलेत. जिथे परवानगी लागत नाही असं वाटतं, तिथेच ती लागते."

नकाशा पुन्हा पाहिला गेला. पंचवीस किलोमीटरवर कुणाची हरकत नव्हती. खाडी आणि तलावाच्या मध्ये मात्र पंपिंग स्टेशनची हद्द होती. तिथून आठशे मीटर सरकारी जागेतून जावं लागत होतं. हद्द कुणाची, तर पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण खात्याची.

नानांना हसू आलं. "ते माझंच ऑफिस," ते म्हणाले. "चहा पिऊन, सही घेऊन येतो."

त्यांना निवृत्त होऊन सोळा महिने झाले होते. ऑफिसच्या दारावर पहारेकरी नवा होता. त्याने नानांना रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि कामाचं स्वरूप लिहायला लावलं आणि गळ्यात अडकवायला एक कार्ड दिलं, त्यावर "अभ्यागत" असं लिहिलेलं. चौतीस वर्षं ज्या जिन्याने नाना विनाकार्ड चढले, त्याच जिन्याने ते आता अभ्यागत होऊन चढले. त्यांच्या टेबलावर एक प्रिंटर बसला होता. त्याला खिडकीकडची जागा दिली होती, जी नानांना मिळायला एकोणीस वर्षं लागली होती.

काकूही सोबत आल्या होत्या. ऑफिसातून पुढे त्यांच्या चष्म्याचा नंबर तपासायला जायचं ठरलं होतं. त्या बाहेरच्या बाकावर बसते म्हणाल्या, पण पंखा आत होता म्हणून आत आल्या.

कार्यकारी अभियंता नव्या होत्या, मुलीच्या वयाच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्या फार अदबीने बोलत, आणि अदबीने बोलणाऱ्या अधिकाऱ्याशी भांडता येत नाही ही मोठी पंचाईत असते. त्यांनी अर्ज वाचला, कपाटातून सत्तेचाळीस नंबरचा नकाशा मागवला आणि टेबलावर उलगडला.

"काका, इथे तर दलदल आहे," मॅडम म्हणाल्या.

दलदल होतीच. खाडीच्या तोंडापासून तलावाच्या कोपऱ्यापर्यंत आठशे मीटर सुबक दलदल. गवताचे तीन-तीन पात्यांचे झुपके, प्रत्येकाखाली पाण्याच्या दोन बारीक रेघा, सगळे एका मापाचे, एका अंतरावर. खाली कोपऱ्यात आद्याक्षरं. नाना नकाशाकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"तिथे दलदल नाही," ते म्हणाले. "बांध आहे. पक्का, सहा फूट रुंद."

"पण नकाशात दलदल आहे."

"नकाशा चुकीचा आहे."

"असं कोण म्हणतं?"

पंख्याखाली नकाशाचा एक कोपरा उडत होता, तो नानांनी बोटाने दाबून धरला. "ज्याने काढला तो," ते म्हणाले.

मॅडमनी आद्याक्षरं पाहिली, अर्जावरची सही पाहिली, आणि अतिशय अदबीने एक छापील फॉर्म पुढे सरकवला. अभिलेखातील चुकीच्या दुरुस्तीचा अर्ज. चूक कोणती, चूक कोणाची, चूक केव्हा लक्षात आली, चुकीचे कारण.

चौतीस वर्षं खात्यात नानांच्या नकाशावर कुणी खोडरबर चालवलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हेच सांगितलं होतं, आणि टाळ्या वाजत असताना नाना मान खाली घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला. नानांच्या डोळ्यांपुढे सत्तेचाळीस नंबर होता.

त्यांनी पेन काढलं आणि लिहायला घेतलं. अक्षर छापल्यासारखं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं की चूक दोन वर्षांनी लक्षात आली, पंपिंग स्टेशनच्या गच्चीवरून त्या जागी एक दूधवाला सायकलवरून जाताना दिसला तेव्हा. दलदलीतून सायकल जात नाही, हे समजायला ड्राफ्ट्समन असावं लागत नाही. चौथा रकाना लहान होता. तो भरला, तेव्हा नाना समासात गेले.

"काका, 'कौटुंबिक' एवढं लिहिलं तरी चालेल," मॅडम म्हणाल्या.

"चुकीचं कारण अर्धवट लिहायचं म्हणजे दुसरी चूक," नाना म्हणाले.

काकूंचा जुना चष्मा वाचायला पुरेसा होता. त्यांनी खांद्यावरून वाचलं. लिहिलं होतं की त्या दिवशी सकाळी जागेची पाहणी करण्यास जाणे आवश्यक होते. रजा मागितली असता मिळाली नाही. पाहणीस न जाता पत्नी व तीन दिवसांची मुलगी यांना रुग्णालयातून घरी आणण्यास गेलो. तिथे नुसता चिखल आहे, असे शिपायाने सांगितल्यावरून दलदल काढली.

"तुम्ही तर म्हणाला होतात रजा मिळाली," काकू म्हणाल्या.

"नव्हती मिळाली."

"मग?"

"मग काय. आलो."

काकूंनी पदर सारखा केला आणि त्या केबिनच्या काचेतून प्रिंटरकडे पाहू लागल्या. तो काहीतरी छापत होता. मॅडमनी फॉर्मवर शिक्का मारला, परवानगी दोन प्रतींत दिली, आणि नाना-काकू जिना उतरून खाली आले. चष्म्याच्या दुकानात पाटीवरची अक्षरं वाचताना काकूंनी खालच्या तीन ओळी चुकवल्या, आणि डोळ्यांत पाणी असल्यावर नंबर लागत नाही, पुन्हा या, असं दुकानदाराने सांगितलं.

संध्याकाळी नोटीस बोर्डावरच्या यादीत एकोणिसावं नाव होतं, काकूंच्या हातचं. त्यांना आजवर बाजार आणि बँक यापलीकडे चालताना कुणी पाहिलं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, "काकू, सव्वीस किलोमीटर आहे." काकू म्हणाल्या, "पंचवीस पूर्णांक सहा."

ठरल्या रविवारी पहाटे एकोणिसांपैकी सातजण उतरले. बाकीच्यांना सर्दी, पाहुणे आणि झोप यांनी गाठलं होतं. नवे पांढरे बूट घालून मॅनेजर, पट्टी घेऊन भूमितीच्या बाई, आणि औषधवाले स्कूटरवर, पेटी पुढे ठेवून. चालायला नको का, असं विचारल्यावर ते म्हणाले, मी चाललो तर पेटी कोण आणणार? मॅनेजरांनी शिट्टी वाजवली आणि सगळे नदीकडे निघाले.

नदीकाठ सुरेख होता. नऊ किलोमीटर सगळं नकाशात होतं तसंच होतं, हिरव्या ठिपक्यांच्या जागी खरोखरच सावली होती, आणि नानांची छाती हळूहळू पूर्वीच्या मापावर येत होती. पण नवव्या किलोमीटरला मॅनेजरांच्या टाचेला फोड आला. औषधवाले सकाळपासून याचीच वाट पाहत होते. त्यांनी फोड धुतला, पुसला, त्यावर तीन प्रकारचं मलम लावलं, वर दोन पट्ट्या चिकटवल्या, आणि एवढा बंदोबस्त झाल्यावर तो पाय बुटात जाईना. मॅनेजर एक पाय उघडा ठेवून स्कूटरवर मागे बसले. जाताना त्यांनी शिट्टी नानांकडे सुपूर्द केली आणि पोच म्हणून सही मागितली. बाकीचे दोघे खाडीवरच्या बसथांब्यावर बस पाहून विरघळले. भूमितीच्या बाई मात्र सतराव्या किलोमीटरपर्यंत आल्या. तिथे त्यांच्या बहिणीचं घर होतं. बहिणीने गॅलरीतून हाक मारली, आणि सरळ रेषा हेच दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर असल्यामुळे बाई थेट तिच्या जेवणाच्या टेबलावर गेल्या.

पंपिंग स्टेशनच्या फाटकाशी पोचले ते फक्त नाना आणि काकू. ऊन चढलं होतं. काकू साध्या चपला घालून आल्या होत्या आणि सकाळपासून एकदाही बसल्या नव्हत्या.

पंपवाला बाहेर आला. वयस्क माणूस, हाताला ग्रीस. नानांनी परवानगीची प्रत दिली. त्याने ती दोन्ही बाजूंनी वाचली, मागची बाजू कोरी होती तीही वाचली.

"परवानगी आहे खरी," तो म्हणाला. "बांध नाही."

"म्हणजे?"

"मधला गेला वाहून. चार वर्षं झाली. आता नुसता चिखल आहे."

या वाक्याने नानांची एकदा फसगत झाली होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शिपायाने अगदी हेच शब्द वापरले होते, आणि त्यावर विश्वास ठेवल्याची किंमत नुकतीच चार रकान्यांत लिहून झाली होती. "बघू या," नाना म्हणाले. हे बोलताना आवाजात थोडी खात्याची जरब आली. फाटक ओलांडून ते बांधावरून ताठ निघाले. पन्नासेक मीटर बांध होता. पुढे गवत होतं. नानांनी गवतावर उजवा पाय ठेवला आणि तो गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डावा टेकला, तर तोही त्याला सोबत द्यायला गेला.

"अहो, हलू नका," मागून काकू म्हणाल्या.

"मी कुठे हलतोय," नाना म्हणाले. ते फक्त खाली जात होते, आणि तेही मांड्यांशी येऊन थांबलं.

पंपवाला शिडी आणायला धावला. काकू बांधाच्या टोकाला उकिडव्या बसल्या आणि त्यांनी नानांचा एक हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. मध्ये पाच-सात मिनिटं करण्यासारखं कुणालाच काही नव्हतं. नाना आजूबाजूला पाहू लागले. समोर तलावाच्या कोपऱ्यापर्यंत गवताचे झुपके होते. तीन-तीन पात्यांचे. प्रत्येकाखाली पाण्याच्या बारीक रेघा चमकत होत्या.

"अगं," नाना हळूच म्हणाले, "हुबेहूब आलंय."

काकूंनी पाहिलं. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता त्यांची पकड ढिली झाली, नाना आणखी दोन बोटं खाली गेले, तशा त्या "थांबा, थांबा" म्हणत पुन्हा दोन्ही हातांनी धरून हसायला लागल्या. नानांना आधी राग आला. मांडीभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला रागावायला जागा नसते, म्हणून मग तेही हसले. पंपवाला शिडी घेऊन आला तेव्हा दोघांनाही बोलता येत नव्हतं. त्याने शिडी आडवी टाकली आणि नानांना ओढून काढलं. बूट काही निघाले नाहीत.

इथून बस मिळाली असती. काकूंनी विचारलंसुद्धा नाही. पंपवाल्याने आपले पिवळे गमबूट दिले, दोन नंबर मोठे. ते घालून नाना, आणि पुढे काकू, रस्त्याने वळसा घेऊन तलावावर आले आणि कालव्याच्या काठाने राहिलेले किलोमीटर चालले. गमबुटांचा दर पावलाला पचपच आवाज होत होता. वाटेत काकू मुलीला घरी आणलं त्या दिवसाबद्दल बोलत होत्या. रिक्षात नाना सारखे घड्याळ का पाहत होते, ते आज कळलं, असं म्हणाल्या.

इमारतीच्या पायऱ्यांवर सगळे आंघोळी करून बसले होते. मॅनेजरांनी गमबुटांकडे पाहायचं टाळलं. "फेरी पूर्ण?" त्यांनी विचारलं.

"आठशे मीटर बाकी," नाना म्हणाले आणि पचपच करत जिना चढून गेले.

मंगळवारी ते पुन्हा ऑफिसात गेले. कार्ड त्यांनी आपणहून मागून गळ्यात घातलं. "दुरुस्तीचा अर्ज मागे घ्यायचा आहे," ते मॅडमना म्हणाले.

"म्हणजे नकाशा बरोबर होता?"

"होता. थोडा लवकर काढला गेला होता."

मॅडम पहिल्यांदाच अदब सोडून हसल्या. पण दुरुस्ती मागे घ्यायला फॉर्म नव्हता. जागेवर जाऊन नवी मोजणी करायची एवढाच मार्ग होता, आणि मोजणीला माणूस नव्हता. सगळे प्रिंटरवर होते. "काका, तुम्ही कराल का?" मॅडमनी विचारलं. "जिथे बांध संपतो तिथवर मोजून द्या. पुढे मी लाकडी पुलाचा प्रस्ताव पाठवते. होईल की नाही सांगत नाही."

गुरुवारी सकाळी नाना आणि काकू फाटकाशी उभे होते. पंपवाल्याला गमबूट परत मिळाले. नानांनी जमिनीवर खुंटी ठोकली आणि फितीचं एक टोक धरून बसले. दुसरं टोक घेऊन काकू बांधावरून निघाल्या, नव्या चष्म्यातून खाली बघत, पाऊल जपून टाकत. टोकाला जाऊन त्या वाकल्या.

"बावन्न मीटर," त्यांनी सांगितलं. "आणि चाळीस."

"नक्की?"

"नक्की."

आजवर नानांनी दुसऱ्याने वाचलेला आकडा कधी कागदावर घेतला नव्हता. उठून, जाऊन, स्वतः वाकून पाहत, मग लिहीत. ते उठले नाहीत. मांडीवरच्या फळीवर त्यांनी शाईने बावन्न पूर्णांक चार लिहिलं. खाली "मोजणी करणार" असा रकाना होता. त्यात त्यांनी छापल्यासारख्या अक्षरात आधी काकूंचं पूर्ण नाव लिहिलं, मग आपली आद्याक्षरं.

काकू फीत गुंडाळत परत आल्या आणि त्यांनी कागद पाहिला. नवा चष्मा सारखा करून आपलं नाव वाचलं.

"चला," मग त्या म्हणाल्या, "पलीकडचं टोक मोजायचंय ना? ऊन चढायच्या आत आटपू."